सातव्या दिवसाचा नमुना

चमचा ग्लासाला लागला आणि सगळं घर किणकिणलं. तिनं मनगट आखडून घेतलं, कान देऊन ऐकलं. आतल्या खोलीत नवरा कूस बदलून पुन्हा घोरायला लागला, शेजारची लेक, मुंगी, हलली नाही. मग ती पुन्हा ढवळू लागली, आता काचेला जपून. या पुडीला थांबलेलं चालत नाही. राखाडी भुकटी पाण्यात पडली की हात चालूच ठेवायचा. मिनिटभर विसावला तरी ग्लासात गाळ धरतो, फुगतो, चमचा त्यात आपला आपण उभा राहतो, आणि मग ते पिणं उरत नाही, गिळणं होतं. पावणेसहा वाजले होते. समोरच्या इमारतीच्या जिन्यातले दिवे विझायचे होते. आज सातवा दिवस. नऊ दिवस अन्न नाही. सकाळी ही पुडी, दुपारी भाज्यांचं गाळलेलं पाणी, संध्याकाळी चार कडू गोळ्या, आणि रोज पुडीमागोमाग एनिमा. तिनं नाक चिमटीत धरलं आणि एका दमात ग्लास रिकामा केला. ओल्या भिंतीची चव घशातून खाली उतरत गेली. आणि तिच्यामागोमाग तो विचार आला, जो हल्ली रोज याच वेळी यायचा आणि ज्याची तिला सवयच काय, ओढ लागली होती: आज केवढा निघेल?

बाथरूमच्या फरशीवर जुना टॉवेल अंथरून ती डाव्या कुशीवर पडली. वर खुंटीला एनिमाचं भांडं टांगलेलं, त्यातून उतरणारी नळी, आणि डोळ्यांसमोर बेसिनची खालची बाजू, जी उभ्या माणसाला कधी दिसत नाही. तिथे कुणीतरी, बहुधा बेसिन बसवणाऱ्यानं, पेन्सिलीनं एक बाण काढून ठेवला होता. तो बाण कशाकडे बोट दाखवतोय हे तिला सात दिवसांत समजलं नव्हतं. खरं सांगायचं तर सगळ्या उपवासात तिला मनापासून आवडलेली गोष्ट एवढीच होती, ही पंधरा मिनिटं. दाराला कडी. पोटात कोमट पाण्याचा फुगा. आणि कुणीही ‘आई’ म्हणून, ‘अगं’ म्हणून, ‘मॅडम, रिपोर्ट झाला का’ म्हणून हाक मारायची नाही. आजारी माणसाला जी सूट मिळते, ती तिनं अशी फरशीवर पडून वसूल केली होती. सूट मिळायला आजार लागतो. तो आता होता.

तो निघाला. करडा, पीळ पडलेला, ओल्या सुतळीसारखा, जागोजाग वळ्या असलेला. तिनं लॅबमधून आणलेले हातमोजे चढवले, त्याला प्लास्टिकच्या ट्रेमध्ये घेतलं आणि शेजारी मुंगीची पट्टी ठेवली, माशांची चित्रं असलेली. पट्टीशिवाय फोटो टाकायचा नाही, हा फोनवरच्या उपवासाच्या ग्रुपचा नियम. सव्वीस सेंटिमीटर. फोटो गेला आणि दोन मिनिटांत लाल बदामांची रांग लागली. या बायका झोपतात कधी देव जाणे. मार्गदर्शक बाईंनी लिहिलं, ‘अभिनंदन! शत्रू घर सोडतोय. मोठे तुकडे बरणीत जपून ठेवा, नवव्या दिवशी एकत्र दाखवायचे आहेत.’ बरणी कशाला, तिच्याकडे नमुन्याच्या डब्या होत्या, लाल झाकणाच्या. तिनं तुकडा डबीत घातला, झाकण पिळलं, डबी खिडकीच्या कट्ट्यावर कालच्या आणि परवाच्या शेजारी ठेवली, आणि पट्टी साबणानं तीनदा धुतली.

पहिल्या दिवशी ती रडली होती. भीतीनं नव्हे, किळसेनं तर नव्हेच. चोर सापडला की घरातल्या माणसांना जसं रडू येतं, आपण वेडे नव्हतो, घरातून खरंच काही जात होतं, तसं. पाच वर्षं काहीतरी जात होतं. मुंगी झाली तेव्हापासून. रात्र पुरी झोपून उठलं तरी पापण्यांत वाळू, जिना चढताना चौथ्या मजल्यावर उगाच थांबून चप्पल नीट केल्याचं सोंग, मुंगी गळ्यात पडली की आधी आनंद आणि त्याच्या आत, बोरातल्या बीसारखं टणक, ‘आता नको गं.’ तिनं आपलं रक्त आपणच तपासलं होतं, एकदा नाही, चारदा. हिमोग्लोबिन ठीक. थायरॉइड ठीक. साखर ठीक. कागदावर ती ठणठणीत होती. आईनं फोनवर म्हटलं होतं, ‘पोर झालं की असंच असतं गं. आम्ही नाही का काढले दिवस?’ आणि नवरा, बिचारा, म्हणाला होता, ‘तू जरा आराम कर,’ आणि पाच मिनिटांनी विचारलं होतं, टॉवेल कुठे आहेत. मग एक दिवस मोठी नणंद आली ती गालफडं बसलेली पण डोळे चमकणारे घेऊन, आणि फोन पुढे करून म्हणाली, ‘हे बघ. हा माझ्यात राहत होता. बेचाळीस सेंटिमीटर. आता सांग, माणूस दमणार नाही तर काय?’ इतकं सोपं, इतकं दयाळू उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं. तिनं त्याच संध्याकाळी मुंगीला मांडीवर घेऊन सांगितलं, ‘आईच्या पोटात ना किडे आहेत. आईनं खाल्लं की ते खाऊन टाकतात. म्हणून आई दमते. ते गेले की आई तुझ्याशी खूप खेळणार.’ मुंगीनं विचारलं होतं, ‘पकडापकडी पण?’ ‘पकडापकडी पण.’

कामावर जायला तिनं बुटांचं कपाट उघडलं आणि वास आला. आंबूस, गोडसर. उपवासात नाक तिखट होतं म्हणतात; तिला वाटलं आपल्याच अंगाचा असेल. पण वास मुंगीच्या पावसाळी बुटांतून येत होता. हात घातला तर बोटांना मऊ लागलं. पावाचे तुकडे, बुरशीनं निळे झालेले. काळं पडलेलं अर्धं केळं. टिश्यूत गुंडाळलेलं उकडलेलं अंडं, न फोडलेलं. दुसऱ्या बुटात कालचा पाव, अजून तसा ताजा, वर एकच चावा, तोही घेऊन बहुधा थुंकलेला. रोज डबा रिकामा येत होता आणि ती शाबासकी देत होती.

नवरा तोंडात ब्रश घेऊन मागे येऊन उभा राहिला. ‘अरे वा, तुझ्या लॅबची शाखा उघडली वाटतं घरात,’ तो फेसातून म्हणाला. मग त्यानं बूट पाहिला आणि ब्रश तोंडातून काढला.

मुंगी टेबलाशी बसली होती. समोर दुधाचा पेला, सायीची घडी पडलेली. किती दिवस ही साय अशीच दिसत होती? तिला आठवेना. सात दिवस ती टेबलावर नुसती ठेवत होती आणि टेबलावरून नुसती उचलत होती. अन्नाकडे बघायचं नाही म्हणून पोरीच्या ताटाकडेही तिनं बघितलं नव्हतं. ती मुंगीजवळ खाली बसली. फ्रॉकच्या बाहीतून दंड बाहेर आलेला, त्याच्या टोकाला कोपराचं हाड, जणू दुसऱ्याच कुणा थोराड मुलीचं उसनं आणलेलं.

‘मुंगे, तू बुटात काय ठेवलंस?’

‘मी नाही खाल्लं.’ आवाजात अपराधीपणा नव्हता. उलट थोडा अभिमानच होता. ‘आत्या म्हणाली, आईच्या पोटात असले की मुलांच्या पोटात पण असतात. मी खाल्लं तर ते मोठे होतील ना. मी त्यांना काहीच देत नाही. तुझ्यासारखं.’

‘भूक नाही लागत तुला?’

‘लागते,’ मुंगी म्हणाली. मग जवळ येऊन, कानात, ‘पण ती माझी नाही, त्यांची आहे.’

हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. तिसऱ्या दिवशी, नवऱ्यानं ‘निदान एक फळ तरी खा’ म्हटलं तेव्हा ती म्हणाली होती, ही भूक माझी नाही, त्यांची आहे. मार्गदर्शक बाईंचं ते आवडतं वाक्य. पोरगी बहुतेक तेव्हा टेबलाखाली रंगवत बसली होती. आज शुक्रवार. संध्याकाळी नणंद मुलांची पुडी घेऊन येणार होती, उद्या शाळेला सुट्टी, उद्यापासून मुंगीचा दोन दिवसांचा उपवास. हे ठरलं होतं, तीच ‘हो’ म्हणाली होती. तिनं दुधाचा पेला मुंगीच्या ओठांना लावला. मुंगीनं ओठ आवळले, मान फिरवली, आणि फार समजूतदारपणे, जसं आपण लहान मुलाला सांगतो तसं, म्हणाली, ‘आई, नको ना. दोघी मिळून घालवू.’ नवऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘मी थांबतो आज घरी,’ तो म्हणाला. ‘बघतो काही जातं का पोटात. पण तू तिला काय ते सांग. माझं ऐकणार नाही ती. तुझ्या पंथातली आहे.’ ती बाथरूममध्ये गेली, कट्ट्यावरची आजची डबी उचलली आणि पर्समध्ये टाकली.

बसमध्ये उभ्यानं तिला सारखं वाटत होतं की सगळ्यांना डबीतलं दिसतंय. आठ वर्षं ती हेच काम करत होती. लॅबच्या मागच्या खोलीतलं कोपऱ्यातलं टेबल तिचं, लघवी आणि शौचाचं. नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात उलट्या होतात, तिला त्याही झाल्या नव्हत्या. जंताची अंडी ती झोपेत ओळखेल. गोल जंताचं जाड सालीचं, खडबडीत. आकडेकृमीचं पातळ, पारदर्शक, आत चार पेशींचं फूल. सुतकृमीचं एका बाजूनं चपटं, टेकून बसलेलं. आणि जंत स्वतः, तो कधी आला तर, दोन टोकं असलेला असतो. टोकं. सुरुवात आणि शेवट. हे तिला माहीत होतं. मग सात दिवस ट्रेमध्ये जे निघत होतं त्याला टोकं नव्हती, तो कुठूनही तुटत होता, कुठेही संपत होता, हे तिला दिसलं नसेल? दिसलं होतं. पण ते डोळे ती संध्याकाळी पांढऱ्या कोटाबरोबर लॅबच्या खुंटीवर अडकवून घरी येत होती.

तिनं डबीवर चिठ्ठी चिकटवली. स्त्री, एकतीस वर्षं. नावाच्या जागी रेघ. काडीनं कण उचलला, काचेवर एका बाजूला सलाईनचा थेंब, एका बाजूला आयोडीनचा, वर पातळ काच, आणि डोळा भिंगाला लावला. पारदर्शक पापुद्रे. फुगलेले, एकमेकांना बिलगलेले, पाण्यात भिजलेल्या सालींसारखे. मधे मधे मातीचे बारीक टोकदार कण. तिनं काच डावीकडून उजवीकडे सरकवली, एक रांग खाली, पुन्हा उजवीकडून डावीकडे, शेत नांगरावं तशी. दुसरी काच केली. चौथी. मधून दुसऱ्यांचे नमुने बघितले, रिपोर्ट लिहिले, पुन्हा आपल्याकडे वळली. सातव्या काचेच्या वेळी तिच्या लक्षात आलं की ती देवाकडे मागावं तशी मागते आहे. एक अंडं. फार नाही. एखादं जुनं, फुटकं, मेलेलं चालेल. नसेल तर मग पाच वर्षं जे झालं त्याला काय म्हणायचं? घरात चोर शिरलाच नव्हता, तर मग सगळं गेलं कुठे?

‘काय गं, सकाळपासून त्या एकाच पेशंटला चिकटलीयस. सोयरीक जुळवतेस काय?’ शेजारच्या टेबलावरच्या भिंगवाल्या बाई म्हणाल्या. बाईंना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते. तीस वर्षं एक डोळा मिटून काम केल्यानं त्यांचा चेहरा कायमचा एका बाजूला मिस्कील झाला होता.

‘बघता का जरा? मला काही कळत नाहीये.’

‘तुला कळत नाही? मग मला कसलं कळतंय.’ पण बाई उठल्या, वाकल्या, पाच सेकंद पाहिलं. ‘भुसा आहे हा. इसबगोल. आणि माती कालवलीय त्यात. घरं बांधायची आहेत का पोटात? कोण आहे हा शहाणा?’

‘बाई आहे. एकतीस वर्षांची.’

‘तक्रार काय?’

‘थकवा.’

बाईंनी भिंगावरून डोळा काढला नाही. ‘कधीपासून?’

‘पाच वर्षं.’

बाईंनी उगाचच काच थोडी सरकवली. त्यांना बघायचं काही उरलं नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

‘रिपोर्टमध्ये काय लिहू?’ तिनं विचारलं.

‘जे दिसतं ते. दिसत नाही ते आपण लिहीत नाही.’ बाई सरळ झाल्या, कमरेवर हात ठेवला. ‘आणि त्या पेशंटला म्हणावं, बाई गं, दोन घास खाऊन घे. चेहरा बघ कसा झालाय तिचा.’

तिनं लिहिलं: अंडी आढळली नाहीत. कृमी आढळले नाहीत. आठ वर्षांत हजारो वेळा लिहिलेली ही दोन वाक्यं. लोक ती वाचून काउंटरशीच सुटकेचा श्वास सोडायचे, तिनं दाराच्या फटीतून पाहिलं होतं. आणि अधूनमधून एखादी बाई कागद उलटून मागची बाजू बघायची, तिथे काही आहे का म्हणून. त्या बाया तिला तेव्हा वेंधळ्या वाटायच्या.

ती घरी पोहोचली तर नणंद आधीच येऊन बसली होती. टेबलावर गुलाबी पुडी, तिच्यावर हसणाऱ्या सशाचं चित्र. नवरा गॅलरीत वाळलेले कपडे काढत होता, नको इतक्या सावकाश. दिवसभरात अर्धा पेला दूध गेलं होतं पोरीच्या पोटात, तेही दादापुता करून.

‘आलीस? हे बघ, पोरांची वेगळी आलीय. स्ट्रॉबेरीची चव आहे हो मुंगीबाई, मज्जा आहे तुमची,’ नणंद म्हणाली.

‘ताई, नको.’

‘नको काय नको? कालपर्यंत तर हो म्हणत होतीस.’

‘मी आज माझं भिंगाखाली बघितलं.’ ती पर्स न काढताच उभी होती. ‘काही नाहीये त्यात. पुडीत जे असतं तेच आहे. आपण पितो, ते आत फुगतं, आतड्याचा आकार घेतं आणि तसंच बाहेर पडतं. आपण आपलीच पुडी मोजत होतो, ताई.’

नणंद हसली. ‘तुमच्या लॅबला काय कळतंय! तुझ्या भिंगाखाली आमचे हेसुद्धा नॉर्मलच दिसले असते. नऊ वर्षं मला पोखरून गेला माणूस, कुठल्या रिपोर्टात आलं? सांग ना.’ मग तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मागून निघून गेलं. ‘आणि माझा तो? बेचाळीसचा?’

उत्तर जिभेवर होतं. तिनं ते फिरवलं. ‘तो मी बघितलेला नाही, ताई.’

नणंद सशाच्या पुडीची घडी घालत राहिली, लहान, आणखी लहान, जणू खिशात मावायला हवी. ‘पण मला बरं वाटलं होतं गं,’ ती हळूच म्हणाली. ‘खरंच बरं वाटलं होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी आंघोळ करताना गुणगुणले.’

‘हो.’

‘ते काही खोटं नव्हतं.’

‘नाही. ते खोटं नव्हतं.’ तिनं पुडी नणंदेच्या हातातून काढून घेतली आणि तिच्याच पर्समध्ये ठेवून चेन लावली. ‘चहा टाकू?’

‘नको, माझी उपवासाची तिसरी फेरी चालू आहे, आज दुसरा...’ नणंद थांबली. गॅलरीच्या दारातून उशीची खोळ हातात धरून तिचा भाऊ बघत होता. ‘बरं, टाक,’ ती म्हणाली. ‘साखर घाल. चांगली दोन चमचे घाल.’

नणंद गेली तेव्हा उजेड अजून होता. तिनं भात शिजवला, मऊ, अंडं उकडलं, मीठ घेतलं. एकच ताट. मुंगीला तिनं खुर्चीवर नाही, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवलं, तोंडासमोर तोंड. ‘मुंगे, आई चुकली. आईनं मोठ्या भिंगातून बघितलं आज. किडे नाहीत. माझ्यात नाहीत, तुझ्यात नाहीत. जे होतं ते नुसतं औषध होतं, माती. भूक आपलीच आहे.’

मुंगी तिच्याकडे एकटक पाहत राहिली. आईचं चुकणं हे तिला किड्यांपेक्षा अवघड होतं, हे दिसत होतं. ‘मग तू खा आधी,’ ती म्हणाली.

सात दिवसांनंतरचा पहिला घास. दातांनी तो ओळखला नाही, मग जिभेनं ओळखला, आणि जबड्याच्या मागे कुठेतरी इतकी तीव्र कळ उठली की डोळ्यांत पाणी आलं. कुठलाही विजय नव्हता त्यात, किंवा हार. भात होता. मीठ होतं. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दुखत होत्या, त्या तशाच दुखत होत्या. तिनं गिळलं. मुंगीनं पुढे वाकून आईच्या पोटाला कान लावला, बराच वेळ. केसांना शाळेच्या खडूचा वास येत होता, दोन दिवस केस धुवायचे राहून गेले होते.

‘कुणी खात नाहीये,’ मुंगीनं जाहीर केलं. मग तोंड उघडलं.

एक घास. दुसरा. अंड्याचा पिवळा भाग बोटानं काढून आधी तोच. तिसऱ्या घासाला मुंगीनं चमचा आपल्या हातात घेतला. भूक लागलेलं मूल जेवताना बघणं म्हणजे काय हे ती विसरली होती. मान खाली, श्वास नाकातून, सगळं अंग त्या एका कामात. तिला वाटलं, हे असं बघत उभं राहायला हरकत नाही, पाय दुखले तरी. आणि त्याच वेळी हेही वाटलं की आता हे ताट धुवायचंय, हिचे केस धुवायचेत, उद्या पुन्हा, परवा पुन्हा. आणि आत, हाडांच्याही आत, ते जुनं जडपण आपल्या जागी परत येऊन बसलं, जराही न लाजता, मधे कुठे गेलंच नसल्यासारखं.

मुंगीनं ताट संपवलं. हनुवटीला भाताचं शीत चिकटलेलं. ‘म्हणजे तुझ्या पोटात कधीच कुणी नव्हतं?’

‘तू होतीस.’

‘आणि नंतर?’

‘नंतर कुणी नाही.’

मुंगी ओट्यावरून पाय हलवत राहिली. टाचा खालच्या फळीवर आपटत होत्या, एक, मग दुसरी. ती काहीतरी जुळवत होती, गणितात बोटं मोजताना जुळवते तशी, ओठ न हलवता. मग पाय थांबले.

‘आई, मग तू माझ्यामुळे दमतेस का?’